द्रुपदाचा युक्तिवाद

‘पोरांची भांडणं ती, आज कट्टी उद्या बट्टी. मोठ्यांनी त्यात पडू नये.’ हे वाक्य कधीच बोललं गेलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. सहावी-सातवीची परीक्षा आटोपते, १ मेला निकाल लागतो आणि पुढच्या दीड महिन्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलाचं किंवा मुलीचं काहीतरी बिनसतं. चौथीपासून जिच्याशिवाय डबा उघडला नाही ती मैत्रीण दुसऱ्याच दोघींबरोबर सायकलवर फिरताना दिसते. रोज सकाळी खालून हाक मारणारा मित्र हाक मारेनासा होतो. मूल जेवताना गप्प राहतं, धाकट्यावर उगाच खेकसतं, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. मग घरातलं कुणीतरी वरचं वाक्य बोलतं आणि दुसरं कुणीतरी त्याला जोड देतं, ‘वाढीचं वय आहे, व्हायचंच असं.’

या दोन वाक्यांच्या पोटात एक पक्का सिद्धान्त आहे. तो इतका सर्वमान्य आहे की त्याला कुणी सिद्धान्त म्हणतच नाही. मी बरीच वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवलं, आणि हा सिद्धान्त चुकीचा आहे, शिवाय तो मुलांना इजा करतो, असं माझं ठाम मत झालं आहे. पण आपल्याकडे खंडन करण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडायची रीत आहे, आणि प्रतिपक्षाची बाजू त्याच्या उत्तम रूपात मांडल्याशिवाय खंडनाला किंमत नसते. तेव्हा आधी ती बाजू.

पूर्वपक्ष म्हणतो, लहान वयातली मैत्री सोयीची असते. शेजारी राहतो, एका बाकावर बसतो, म्हणून मित्र. बाक बदलला की मित्र बदलतो. दुसरं, मुलं विसरतात. आठ दिवस रडतात आणि नवव्या दिवशी नव्या भिडूबरोबर खेळायला लागतात. ही निसर्गाचीच योजना आहे, तिच्यात ढवळाढवळ करू नये. तिसरं, या वयात शरीर आणि मन झपाट्यानं बदलत असतं, आवडीनिवडी बदलतात, त्यामुळे जुन्या जोड्या फुटणं हे वाढण्याचंच लक्षण आहे. आणि चौथं, हे नुसतं आजीबाईंचं शहाणपण नाही, त्याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी सातवीतल्या मुलांच्या मैत्र्यांचा बारावीपर्यंत वर्षानुवर्षं माग काढला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सातवीतल्या मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत टिकल्या त्या शंभरात जेमतेम एक. मग जे टिकणारच नव्हतं त्याचा शोक कशाला?

हा युक्तिवाद मजबूत आहे, आणि फार जुनाही आहे. महाभारताच्या आदिपर्वात तो एका राजाच्या तोंडी आहे.

पांचालांचा राजा पृषत आणि भरद्वाज ऋषी हे स्नेही. पृषताचा मुलगा द्रुपद रोज भरद्वाजांच्या आश्रमात यायचा, ऋषींच्या मुलाबरोबर, द्रोणाबरोबर, खेळायचा आणि शिकायचा. मी राजा झालो की माझं राज्य तुझंही, असं द्रुपदानं त्या वयात सांगितलं होतं, असं द्रोण पुढे भीष्मांना सांगतो. वर्षं गेली. द्रुपद गादीवर बसला. द्रोणाच्या घरी मात्र दुधाला गाय नव्हती. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा हट्ट करायचा. एकदा इतर मुलांनी त्याला पीठ कालवलेलं पाणी दिलं आणि तो ‘मी दूध प्यालो’ म्हणत आनंदानं नाचू लागला. मुलं त्याला हसली. ते हसणं बापाच्या कानावर आलं आणि द्रोण उठून लहानपणच्या मित्राकडे गेला.

दरबारात ‘सखा’ म्हणून हाक मारणाऱ्या द्रोणाला द्रुपदानं जे उत्तर दिलं त्याचा आशय असा : काळानं सगळं झिजतं तशी मैत्रीही झिजते. तेव्हा आपली गरज आपल्याला एकत्र ठेवत होती, आता ती उरली नाही. मैत्री बरोबरीच्यांत होते. श्रीमंताचा दरिद्री मित्र होत नाही, विद्वानाचा अडाणी होत नाही. ती गोष्ट संपली, आता ती मनात धरू नकोस.

आपला पूर्वपक्ष नेमकं हेच सांगतो. सोयीची मैत्री, काळाचा न्याय, विसरून जा. कीर्तनात आणि शाळेच्या फळ्यावर आपण सांदीपनींच्या आश्रमातल्या कृष्ण-सुदाम्याची जोडी रंगवतो, पण प्रत्यक्ष वागताना आपण द्रुपदाचे शिष्य असतो. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. द्रोणानं कुरुकुमारांना शस्त्रविद्या शिकवली आणि गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवलं. अर्जुनानं त्याला समोर उभा केल्यावर द्रोण काय बोलला, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं. लहानपणी आपण आश्रमात खेळलो, तेव्हापासून माझा तुझ्यावर जीव आहे, मला तुझी मैत्रीच हवी आहे, आणि जो राजा नाही तो राजाचा मित्र होऊ शकत नाही असं तू म्हणालास म्हणून तुझं अर्धं राज्य मी ठेवून घेतो, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. गंगेच्या उत्तरेचा पांचाल द्रोणाकडे, दक्षिणेचा द्रुपदाकडे. मग द्रुपदाचा यज्ञ, यज्ञातून धृष्टद्युम्न, आणि युद्धाच्या पंधराव्या दिवशी, मुलगा मेला असं ऐकून शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणाचा त्याच धृष्टद्युम्नाच्या हातून शिरच्छेद.

प्रत्येक तुटलेल्या मैत्रीतून कुरुक्षेत्र उभं राहतं असं मला म्हणायचं नाही. व्यासांनी या कथेत एक गोष्ट अचूक टिपली आहे, ती मला हवी आहे. लहानपणची मैत्री किरकोळ असते, हे मत ज्याला तोडण्याची किंमत मोजावी लागत नाही त्याचं असतं. द्रुपदाला ते सहज पटलं, कारण त्याच्या घरी गाई होत्या. ‘मुलं विसरतात’ हे आपण मोठी माणसं म्हणतो, कारण त्या मे महिन्यात आपलं काही हरवलेलं नसतं. वर्गात मी पाहिलं ते याच्या उलट. मुलं विसरत नाहीत. ती बोलायची थांबतात, आणि आपण त्या थांबण्याला विसरणं समजतो.

आता पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा, मैत्री सोयीची असते हा. पाच-सहा वर्षांच्या मुलांबद्दल तो बराचसा खरा आहे. अकरा-बाराव्या वर्षी तो खोटा ठरतो. हे समजायला गल्लीतलं क्रिकेट पाहावं. एक टप्पा आउट. समोरच्यांच्या गच्चीत बॉल गेला की आउट, आणि बॉल आणायला मारणाऱ्यानंच जायचं. भिंतीला लागला तर दोन रन, गटारात गेला तर नुसताच डेड. सात वर्षांचं पोर हे नियम देवानं लिहिल्यासारखे मानतं. ते सोयीनं मोडतं, पण कुणी बदलू म्हटलं तर रडतं. त्याला कच्चा लिंबू म्हणून खेळायला घेतात, आउट झाला तरी आउट धरत नाहीत. बारा वर्षांची मुलं मात्र अर्धा डाव नियम ठरवण्यातच घालवतात. आज भिडू कमी आहेत म्हणून ऑफ साइड बंद ठेवू, त्याचा हात दुखतोय म्हणून त्याला रनर देऊ. सगळे कबूल झाले की तो नियम. रडीचा डाव खेळणाऱ्याला शिक्षा कुणी मोठा माणूस देत नाही, पोरंच देतात.

मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेनं स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल आणि जिनिव्हाच्या मुलांबरोबर गोट्या खेळत, त्यांना नियम विचारत हेच पाहिलं, आणि १९३२ साली मुलांच्या नैतिक निर्णयाविषयीच्या पुस्तकात मांडलं. अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास मुलाला कळतं की नियम आपणच परस्परसंमतीनं करतो आणि संमतीनंच बदलू शकतो. न्यायाची जाण मुलाला वडीलधाऱ्यांच्या धाकातून येत नाही, ती बरोबरीच्या सोबत्यांकडून येते, असा त्याचा रोख होता. मैत्रीही याच वयात तशी होते. आधीचा मित्र शेजारानं दिलेला, आईच्या मैत्रिणीचा मुलगा म्हणून मिळालेला. या वयातला मित्र मुलानं स्वतः निवडलेला असतो. आईबाप, भावंडं, जात, गाव यांतलं काहीच मुलानं निवडलेलं नसतं. ही त्याची स्वतःच्या हातानं जोडलेली पहिली माणसं. त्यांना किरकोळ म्हणायचं तर मग निवडीलाच किरकोळ म्हणावं लागेल.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन पियाजेच्याही पुढे गेला. त्याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली ग्रंथरूपात आली. किशोरवयाच्या उंबरठ्यावर मुलाला एक जिवाभावाचा सोबती मिळतो आणि दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकंच महत्त्वाचं वाटण्याचा अनुभव ते आयुष्यात पहिल्यांदा घेतं, असं तो म्हणतो. घरात काही बिघडलेलं असेल तर ते दुरुस्त व्हायची संधीही त्याला या मैत्रीत दिसली. सलिव्हन स्वतः न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर एकाकी वाढला होता. तो कशाबद्दल बोलतोय हे त्याला आतून ठाऊक होतं.

राहिला तो शंभरात एकाचा आकडा. आकडा खरा आहे, पण त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे. मैत्री टिकली नाही यावरून ती पोकळ होती असं ठरत नाही. बॅगवेल, न्यूकम आणि बुकाव्स्की या तिघांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचवीत ज्यांना एक पक्का, परस्परमान्य मित्र होता अशी तीस मुलं, आणि ज्यांना तसा मित्र नव्हता अशी तीस. बारा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. पाचवीत मित्र असलेल्यांच्या मनात तरुणपणी स्वतःविषयीची किंमत जास्त होती. साठच मुलांचा अभ्यास आहे, त्यावर डोंगर रचू नये हे मला मान्य आहे. पण इतकं तो सुचवतो की मित्र पुढे राहिला असो वा नसो, त्या वयात तो होता याचं काहीतरी माणसात उरतं.

आणि त्या २०१५च्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग तर पूर्वपक्ष वाचतच नाही. संशोधकांना मैत्र्या का तुटतात हे शोधायचं होतं. त्या वाटेल तशा तुटत नव्हत्या. दोघांत जिथे फरक होता तिथे तुटत होत्या : एक मुलगा आणि एक मुलगी, एक सगळ्यांचा लाडका आणि दुसरा बाजूला पडलेला, एक अंगावर धावून जाणारा आणि दुसरा शांत, एक अभ्यासात पुढे आणि दुसरा मागे. ही यादी हातात घेऊन आपल्याकडच्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांकडे पाहावं. यातले किती फरक वयानं निर्माण केलेत आणि किती आपण?

अभ्यासाचा फरक घ्या. शाळा उघडण्याच्या सुमारास अनेक शाळांत फाटकाशी याद्या लागतात. ‘अ’ तुकडीत पहिले पन्नास-साठ, मग ‘ब’, मग ‘क’. कुठे अमुक टक्क्यांच्या वरचे ते सेमी इंग्रजीला. शिष्यवृत्तीची वेगळी बॅच, नवोदयला लागलेला एखादा थेट वसतिगृहात, पुढच्या प्रवेशपरीक्षांच्या ‘फाउंडेशन’साठी मे महिन्यातच सकाळी सातच्या क्लासला बसवलेला दुसरा. ती यादी वाचताना मी मुलांना पाहिलं आहे. ती नुसतं स्वतःचं नाव शोधून थांबत नाहीत. स्वतःचं नाव सापडल्यावर त्याच कागदावर दुसरं एक नाव वरपासून खालपर्यंत बोट फिरवत शोधतात, मग शेजारच्या कागदाकडे जातात. तिथे ते नाव सापडलं की काही क्षण काहीच बोलत नाहीत. पुढे दोन महिन्यांत ‘अ’मधला मुलगा ‘ड’मधल्याबरोबर दिसेनासा होतो, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणतं, मुलं आता आपापल्या बुद्धीच्या मुलांत रमायला लागली. द्रुपदही विद्वान-अडाण्याबद्दल हेच म्हणाला होता. त्यानं निदान ते स्वतःचं मत म्हणून सांगितलं, निसर्गाच्या नावावर घातलं नाही.

बदल्यांचं तसंच. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या २०१४च्या चित्रपटातला चिन्मय अकरा वर्षांचा आहे. वडील गेलेत, आईच्या नोकरीपायी पुणं सोडून तो कोकणातल्या लहानशा गावात आला आहे. गावातली पोरं त्याला हळूहळू आपल्यात घेतात, मग किल्ल्यावर एका भर पावसात तो एकटा मागे राहतो, आणि तो राग त्याला गिळवत नाही. हा चित्रपट मला मोलाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की त्यात मुलाच्या दुखावण्याला ‘पोरखेळ’ म्हणून कुठेही हसलेलं नाही. बदलीच्या नोकरीत आईचा दोष नाही, मुलाचाही नाही. पण वेगळं होण्याचं कारण कागदावर सही होऊन आलेलं असतं, ते मुलांच्या स्वभावात शोधू नये.

जातीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते सांगणाऱ्यांनी माझ्यापेक्षा फार आधी आणि फार खरं सांगून ठेवलं आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त शाळेची सहल आहे. एका झाडाखाली सवर्ण मुलं, दुसऱ्या झाडाखाली महारांची, आणि उरलेलं अन्न इकडून तिकडे. दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. कुणी कुठल्या झाडाखाली बसायचं हे मुलांनी ठरवलेलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते मुलींबद्दल. आमच्या सोसायटीत एक मुलगी होती, फिरकी टाकायची. पोरांच्या टीममध्ये तिची जागा पक्की होती. तिचा खास दोस्त विकेटकीपर, दोघांच्या काही खुणा ठरलेल्या असत, आणि त्या खुणांवर कितीतरी फलंदाज फसले. सातवीच्या सुट्टीत एका संध्याकाळी ती खाली आली, पण पार्किंगच्या कठड्याशी उभी राहिली. पोरांनी हाक मारली, ‘ये ना, एक भिडू कमी आहे.’ ती म्हणाली, ‘पाय दुखतोय.’ दुसऱ्या दिवशीही पाय दुखत होता. तिसऱ्या दिवशी ती खाली आलीच नाही, वरच्या गॅलरीतून बघत होती. आठवडाभरानं मी त्या विकेटकीपरला सहज विचारलं, तुमची स्पिनर कुठे? तो बॅटच्या मुठीचं रबर ओढत मान वर न करता म्हणाला, ‘ती आता भाव खाते.’

तिचा पाय दुखत नव्हता. स्वयंपाकघरात एक निर्णय झाला होता. ‘आता मोठी झालीस, पोरांत धावायचं नाही.’ आणि हे कुणाला सांगायचं नाही, हेही त्याच निर्णयात होतं. तिनं निमूटपणे एक कारण पुढे केलं. मुलानं त्या कारणावर विश्वास ठेवला नाही आणि दुसरं कारण स्वतःच शोधलं, जे खोटं होतं आणि तिला अपमानकारक होतं. तिच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं दुसऱ्याला बोलिंग दिली आणि पुन्हा हाक मारली नाही. दोघांनी एकमेकांना दोषी धरलं. ज्यांनी मैत्री मोडली त्यांचं नाव त्या हिशेबात कुठेच आलं नाही.

मुलगी साधारण बाराव्या वर्षी सगळ्यात झपाट्यानं उंच होते, मुलगा सरासरी दोन वर्षं उशिरा. सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली मागच्या रांगेत का उभ्या असतात ते यामुळे. हा फरक निसर्गाचाच आहे आणि त्यानं दोघांत थोडा अवघडलेपणा येतो, हेही खरं. पण अवघडलेपणावर बारा वर्षांची मुलं स्वतः वाट काढतात, जशी ती हात दुखणाऱ्याला रनर देण्याची काढतात. खेळायला उतरूच नकोस, हा नियम निसर्गाचा नाही. खेड्यात तो आणखी कठोर होतो. जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत सातवीला संपते. पुढचं हायस्कूल चार-सहा किलोमीटरवर. मुलगा सायकलनं जातो. मुलीला एसटीचा पास सरकार फुकट देतं, पण पास असून चालत नाही, एसटीही वेळेवर यावी लागते आणि घरानं तिला फाट्यापर्यंत जाऊ द्यावं लागतं. जिचं जाणं थांबतं तिची शाळा सुटते हे आपण मोजतो. त्याच दिवशी तिच्या सगळ्या मैत्रिणी सुटतात, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

ज्यांना सुट्टीतली मैत्री ही चैन वाटते त्यांनी ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना विचारावं. बीडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. इतरांना उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे ताटातूट, या मुलांना ती भेट. सहा महिन्यांनी परतलेलं पोर आधी जोडीदाराच्या दारात जातं. त्याला विसरता येत असतं तर ते कशाला गेलं असतं?

त्या फिरकी टाकणाऱ्या मुलीच्या पाय दुखण्यावरून आठवलं. ‘वाढीचं वय आहे’ हे आपण मनासाठी म्हणतो तसंच पायांसाठीही म्हणतो. रात्री मूल पोटऱ्या धरून रडतं, सकाळी टुणटुणीत उठतं, आणि आपण म्हणतो हाडं वाढताहेत. हे दुखणं खरं आहे. बहुतेकदा दोन्ही पायांत होतं, तीन ते बारा वर्षांच्या मुलांत दिसतं. पण ते वाढीमुळे होतं याचा पुरावा बालरोगशास्त्राला मिळालेला नाही. मुलं सगळ्यात जोरात वाढतात त्या वर्षांत ते सगळ्यात जास्त असायला हवं होतं, तसं ते नसतं. वाढीचं नाव दिलं की माणूस पुढे शोधायचं थांबतो. चांगला डॉक्टर मात्र त्या नावावर थांबत नाही. एकाच पायात दुखतंय का, सकाळी लंगडतंय का, ताप आहे का, हे विचारतो आणि मगच निर्धास्त हो म्हणतो. मैत्री तुटलेल्या मुलाला आपण यातला एकही प्रश्न विचारत नाही.

अलीकडे सगळा दोष मोबाईलवर ढकलायची सोय झाली आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकलं म्हणून रडणारी मुलगी मी पाहिली आहे, ते दुःख लहान नाही. पण लगोरीच्या डावात घेतलं नाही म्हणून रडणारी मुलगी तिच्या आजीच्या काळातही होती. यंत्र बदललं, एवढंच. तुकड्यांच्या याद्या मोबाईल येण्याच्या फार आधीपासून लागतात.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. मोठ्यांनी पोरांच्या भांडणात पडू नये, हे तरी खरं ना? खरं आहे. दोन आयांनी फोनवर बोलून पोरांची बट्टी घडवून आणली की मुलं आयांसमोर हात मिळवतात आणि जिन्यात पुन्हा तोंड फिरवतात. कुणाचं चुकलं, माफी कुणी मागायची, पुन्हा खेळायला घ्यायचं की नाही, हे ठरवायला मुलं समर्थ आहेत. गच्चीत गेलेला बॉल कुणी आणायचा हे ती रोज ठरवतात. कधी ती जुन्या मित्राला सोडतात, कठोरपणे सोडतात, नव्याच्या मागे जातात. तोही त्यांचा अधिकार आहे आणि ते दुःख मुलानं मुलाकडूनच सोसायचं असतं.

पण पडू नये हे तत्त्व पाळायचं तर आपण आधीच कुठे कुठे पडलो आहोत ते पाहावं लागेल. बदलीची ऑर्डर हातात असताना परीक्षेच्या काळात कशाला त्रास म्हणून मुलापासून लपवली, आणि सामान ट्रकमध्ये चढताना सांगितली, तर त्याच्या निरोपाचा हक्क आपण घेतला. मुलीला खोटं कारण सांगायला लावलं तर तिच्या मित्राचा तिच्यावरचा विश्वास आपण घेतला. खरं कारण सांगायची मोकळीक दिली तरी पुष्कळ होईल. ‘आई नको म्हणते’ हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाला नीट समजतं, आणि ‘भाव खाते’पेक्षा ते कितीतरी सोसण्यासारखं असतं. आई नको का म्हणते, हा पुढचा प्रश्नही मग कुणीतरी विचारील, आणि तो विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

शाळांपुरतं मी नेमकं सांगू शकतो, कारण त्या बैठकांत मी बसलो आहे. नव्या वर्गाच्या तुकड्या पाडण्याचं काम निकालानंतर, मुलं सुट्टीवर असताना होतं. गुणांची उतरती यादी टेबलावर असते, तिच्यावर रेघा मारल्या की झालं. त्याआधी, परीक्षा संपायच्या दिवशी, प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर एक नाव लिहून द्यायला सांगावं : पुढच्या वर्षी ज्याच्या किंवा जिच्या वर्गात तुला असायचंच आहे असं एक नाव. सगळ्या जोड्या जमतील असं नाही, पण दोन-चार शिक्षक एका दुपारी बसले तर बहुतेक मुलांना निदान एक माणूस ओळखीचा, स्वतः निवडलेला, नव्या वर्गात मिळेल. ज्याचं नाव कुणाच्याच चिठ्ठीवर आलं नाही असा मुलगा किंवा मुलगीही त्याच दुपारी आपल्याला कळेल. तीस मुलांना मित्र होता आणि तीस मुलांना नव्हता, असा जो अभ्यास वर सांगितला त्यातल्या दुसऱ्या तीसांपैकी ते एक असेल, आणि जूनमध्ये त्याला कुणाच्या शेजारी बसवायचं याचा विचार करायला आपल्या हातात अख्खी सुट्टी असेल.